मंजुषाच्या कार्डावरचं ऑपरेशन

तेलगावजवळची वस्ती
सोमवार, दिनांक ९ फेब्रुवारी २०२६

चिरंजीव अजिनाथ यास,

आजी बायनाबाईचे पोटभर आशीर्वाद. इकडची खुशाली विचारशील तर म्हैस खुशाल आहे, बाकीच्यांचं पुढं सांगते. तुझ्या लेकीचा, संस्कृतीचा, पुढचा दात पडला. तिनं तो पत्र्यावर फेकला, तर घरंगळत परत अंगणात आला. आता नवा दात येणारच नाही म्हणून रडत बसली. मी म्हणलं, माझे तर सगळे पडलेत, मी रडते का? त्यावर म्हणाली, तू म्हातारी हाईस, तुला काय चावायचंय. तुझीच लेक.

हे पत्र आपला राधाकिशन लिहितोय, जुना पोस्टमन. जन्मभर लोकांची पत्रं पोचवली आणि आता एक लिहायला लावलं तर कुरकुरतो. माझं बोलणं तो धुऊन-पुसून कागदावर उतरवतो, म्हणजे वाचताना तुला वाटंल आजी शाळेत गेलती. फसू नको. फोन कावून केला नाही म्हणशील. तुझा फोन फुटला आणि मुकादमाच्या फोनवर बोलायचं तर अख्खी टोळी कान देऊन बसते. हे टोळीनं ऐकायचं नाही. वस्तीवरचा भारत बुधवारी ट्रक घेऊन तुमच्या कारखान्यावर येतोय, त्याच्या हाती पाकीट देते. जेवल्यावर वाच. कोयता हातात असताना वाचू नको.

गुरुवारी बीडला सुनावणी झाली. तुझ्या अर्जाला वर्ष झालं तेव्हा कुठं तारीख लागली, आणि नेमकी ऊसतोड भरात असताना. तुला सुट्टी मिळाली नाही म्हणून तुझ्या जागी मी गेले. नवं लुगडं नेसले होते. राधाकिशन सोबत होता. कागद वाचायला नेला होता, पण त्याचा चष्मा घरीच राहिला. तेव्हा एक न शिकलेली आणि एक न दिसणारा, अशी आपली बाजू होती.

त्या आरोग्य माहितीच्या संस्थेचं हापिस तू पाहिलं नाहीस. खताच्या दुकानावर माडी आहे, तिथं. मी समजत होते लई मोठा कारखाना असंल. सगळ्या दवाखान्यांतली माहिती हीच माणसं इकडून तिकडं नेतात म्हणतात. एका दवाखान्यात कुणी शिंकलं की चार जिल्ह्यांपलीकडच्या डॉक्टरला ते कळावं, अशी सोय. आणि आत बघावं तर चार टेबलं, एक पाण्याचा जार आणि भिंतीवर हसऱ्या बाईचं चित्र. ती बाई आपल्याकडची नव्हती. आपल्याकडच्या बायका दवाखान्याच्या चित्रात हसत नाहीत.

सुनावणी मात्र कचेरीतल्या हॉलमध्ये होती. संस्थेवर लक्ष ठेवायला एक देखरेख समिती आहे, हे मला त्या दिवशी कळलं. समितीलाही बहुतेक त्याच दिवशी कळलं असावं, कारण दोन वर्षांत ती एकदाही बसली नव्हती. खुर्च्या सात होत्या, माणसं तीन. मधे अध्यक्ष साहेब. उजवीकडं स्वप्नाली मॅडम म्हणून एक डॉक्टरीण. डावीकडं समितीचा सचिव शिवशंकर, समोर लॅपटॉप घेऊन. आणि हा शिवशंकर पगार खातो तो त्या संस्थेचाच! मी राधाकिशनला विचारलं, म्हणजे ह्यांच्या चुका हाच पकडणार आणि हाच लिहिणार? म्हणजे भाकरी मीच खायच्या, मीच मोजायच्या, आणि मीच सांगायचं की बाई लई कमी खाते. राधाकिशन म्हणला, हळू बोल. पण मॅडमच्या कानावर गेलं, आणि ती खाली बघून हसली.

बाहेर व्हरांड्यात अजून तीस-चाळीस माणसं अर्ज घेऊन बसली होती. माझ्या शेजारी कडा गावची एक बाई होती. तिच्या लेकीच्या कार्डावर रक्ताचा गट दुसऱ्याच कुणाचा चढलाय, आणि लेकीला आठवा महिना लागलाय. चार वेळा अर्ज केला, चार वेळा उत्तर एकच, ‘तक्रार स्रोताकडे पाठवली, निकाली’. मी विचारलं, स्रोत म्हणजे कोण गं? ती म्हणाली, ज्या दवाखान्यानं चूक केली तो. दवाखाना म्हणतो आमच्याकडं बरोबर हाय, संस्थेत बिघडलं. संस्था म्हणते आमी नुसता टपाल्याचं काम करतो, आत काय लिहिलंय ते आमी बघत न्हाई. राधाकिशनला ते लई झोंबलं. म्हणला, पत्ता चुकला तर टपाल्याला सस्पेंड करायचे.

आपलं नाव पहिलं होतं. शिवशंकरनं तुझा अर्ज वाचला. मागल्या जानेवारीत तू फडात मोळ्या भरत होतास, माझ्या नातसुनेच्या, मंजुषाच्या, पोटात कळ आली, टोळीतल्या ताराबाईनं तिला कारखान्याजवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं कार्डाचा नंबर टाकला, संस्थेकडून आलेली माहिती पाहिली, त्यात गर्भपिशवी काढल्याचं लिहिलेलं. मंजुषा म्हणाली, दोन महिने पाळी न्हाई. डॉक्टर म्हणला, कशी येईल, पिशवीच नाही. गॅसचं इंजेक्शन देऊन खोपीवर पाठवली. दुसऱ्या दिवशी ती गेली. गर्भ नळीत राहिला होता आणि नळी फुटली, हे नंतर मोठ्या दवाखान्यातल्या कागदावर लिहून आलं. सगळं तू लिहिलंस तसंच त्यानं वाचलं, गावाचा पत्ता वाचावा तशा आवाजात. मी लुगड्याचा काठ मोजत बसले. मोजायला मला येत नाही, तरी मोजत बसले.

मग स्वप्नाली मॅडम बोलायला लागली. अजिनाथ, त्या बाईला माझा दंडवत सांगते. तिनं शिवशंकरला विचारलं, किती तक्रारी आल्या? तीनशे बारा. किती दुरुस्त झाल्या? तो लॅपटॉपमध्ये शोधायला लागला. ती म्हणाली, राहू द्या, मला माहीत आहे, एकही नाही. जिच्याबद्दल तक्रार आहे ती माहिती पुढच्या डॉक्टरला दाखवताना तिच्यावर ‘वाद आहे’ एवढी तरी खूण करता का? नाही, तशी सोय नाही. समितीला अहवाल कोण देतं? संस्था. तपासतं कोण? साहेबांनी चहा घेतला. मॅडम म्हणाली, आज मी लेखी आदेश मागणार आहे. तीनशे बाराच्या तीनशे बारा तक्रारी बाहेरच्या माणसांकडून तपासायच्या, तोवर त्या नोंदींवर खूण करायची, सचिव बदलायचा, आणि त्या डॉक्टरनं पोटाला हात का लावला नाही याचं उत्तर घ्यायचं. साहेब म्हणाले, हो, बघू, आदेश काढावा लागंल असं दिसतंय. शिवशंकरचं तोंड उतरलं. व्हरांड्यातली माणसं दारात येऊन उभी राहिली होती. कड्याच्या बाईनं माझ्याकडं बघून हात जोडले.

इथवर सगळं चांगलं सांगून झालं. आता राधाकिशनला चहा देते, मग पुढचं सांगते.

चहा झाला. पत्र इथंच संपवावं असं एकदा मनात आलं. तुझ्या तब्येतीची चौकशी करून, म्हशीचं दूध किती निघतं ते सांगून. वर्षभर मी तेच करत आलेय. तू दर वेळी एकच विचारलंस. ताराबाईनं तुला सांगितलं होतं की डॉक्टरनं मंजुषाला दोनदा विचारलं, ऑपरेशन झालंय ना? आणि ती खाली बघून म्हणली, झालंय. तू ताराबाईशी भांडलास, तिला खोटी ठरवलीस. मला विचारलंस, आजी, ती असं कावून म्हणली असंल? मी म्हणले, तापात बरळली असंल. ताप नव्हता अजिनाथ.

मॅडमनं मला पुढं बोलावलं. खुर्ची दिली. आदेशाच्या आधी एकच गोष्ट कागदावर घ्यायची होती तिला, आपली बाजू पक्की व्हावी म्हणून. लई मऊ आवाजात विचारलं, “आजी, तुमच्या नातसुनेच्या पोटावर टाके होते का?”

“न्हाई,” मी म्हणले. “तिचं पोट साफ होतं.”

“म्हणजे ऑपरेशन तिचं झालंच नव्हतं. मग हे कुणाचं ऑपरेशन तिच्या नावावर चढलं, याची तुम्हाला काही कल्पना?”

मला फक्त न्हाई म्हणायचं होतं. एवढाच शब्द. मघाशीच एकदा म्हणून झाला होता. शिवशंकर माझ्याकडं बघत होता, पण त्याला काही ठाऊक नव्हतं. कुणालाच ठाऊक नव्हतं. मी मॅडमकडं बघितलं. तिनं पेन उघडून धरला होता, माझ्या तोंडून पडंल ते लिहून घ्यायला. आजवर माझं बोलणं असं कुणी थांबून ऐकलं नव्हतं. आणि मला तिच्याशी खोटं बोलता आलं नाही.

“माझ्या लेकीचं,” मी म्हणले. “भिवराचं.”

राधाकिशनचा पेन थांबलाय. लिही म्हणलं. त्यानं हॉलमध्ये ऐकलंच होतं, आता कागदावर उतरवायला काय जातंय.

तुझी आत्या भिवरा. सासरच्यांनी टाकून दिली तेव्हा तिचं नाव त्यांनी रेशनकार्डातून कापलं, आणि आपल्या कार्डात ते घालायला कुणी तयार होईना. लग्न झालेली लेक माहेरच्या कार्डात बसत नाही म्हणे. कार्डात नाव नाही तर फुकट ऑपरेशनही नाही. अडीच वर्षांमागं, आखाडात, तू ट्रॅक्टरवर पुण्याकडं गेलता. भिवराच्या अंगावरून पाच महिने जात होतं. उभी राहिली की पायावर रक्त. पांढरी फट्ट पडली होती. मी मंजुषाला घेतलं, भिवराला घेतलं आणि एका खाजगी दवाखान्यात गेले. काउंटरवरच्या माणसाला सगळं सांगितलं. तो म्हणला, हिचा अंगठा द्या, तिला आत न्या, असं रोज होतं. मंजुषानं दारात उभं राहून मशीनवर अंगठा दिला, आणि भिवरा टेबलावर गेली. कागदावर बाई चोवीस वर्षांची, समोर चाळिशीची. त्या डॉक्टरनंही वर बघितलं नाही. तुला सांगितलं, कुण्या देवस्थानाच्या दवाखान्यात धर्मादाय झालं. तूही मान डोलावलीस.

मंजुषा बिचारी हसत होती. म्हणाली, आजी, कागदावर मी म्हातारी झाले.

पुढच्या साली उपकेंद्रातल्या नर्सनं तिचं कार्ड बघून सांगितलं, तुमची पिशवी काढली म्हणून येतंय. मंजुषा घरी आली ती घाबरून. म्हणाली, आजी, हे नाव माझ्यावरून काढा, मला अजून लेकरू पाहिजे. मी संस्थेत गेले, त्या माडीवर. सांगितलं, तुमच्या मशीननं चूक केलीय. त्यांनी अर्ज घेतला, अंगठा घेतला, आणि महिन्यानं निकाली. दुसऱ्यांदा गेले. म्हणले, दवाखान्यातून दुरुस्ती आणा. दवाखान्यात गेले तर म्हणले, चूक कशी झाली ते शपथेवर लिहून द्या. तिथं माझे पाय थबकले. काउंटरचा तोच माणूस मला बाजूला घेऊन म्हणला, म्हातारे, लिहून दिलंस तर तिघीबी आत जाताल. मी परत आले. तिसऱ्यांदा गेले नाही. मंजुषाला सांगितलं, काम झालं, दोन-चार महिन्यांत नाव निघंल.

हे एवढंच असतं तरी मी तुला सांगितलं असतं रे. केव्हाच सांगितलं असतं.

तुम्ही ऊसतोडीला निघालात त्याच्या आदल्या दिवशी, दुपारी. संस्कृती वाकळेवर निजली होती. मंजुषा म्हणाली, मी यांना सगळं सांगून टाकते. मला भीती वाटली. तू तापट, जाऊन त्या काउंटरवाल्याची गचांडी धरशील, बोभाटा होईल, भिवराला ओढतील. मी मंजुषाचा हात धरला, निजलेल्या लेकराच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणायला लावलं, “नवऱ्याला सांगणार न्हाई, कुण्या डॉक्टरला सांगणार न्हाई. कुणी विचारलं तर माझंच ऑपरेशन झालंय म्हणीन.” ती नाही म्हणत होती. मी हात सोडला नाही. शेवटी ती म्हणाली.

त्या दवाखान्यात पोटात रक्त साठत असताना डॉक्टरनं तिला दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा तिनं आपल्या लेकराचं डोकं वाचवलं. ताराबाई खरी आहे. तिची माफी माग.

मी बोलून झाले. मॅडमनं पेन मिटला. साहेबांच्या चेहऱ्यावर जो आराम आला ना अजिनाथ, तो मी बाळंतीण सुटल्यावर दाराबाहेरच्या पुरुषांच्या चेहऱ्यावर पाहिलाय. त्यांनी शिवशंकरला सांगितलं, लिहा. नातेवाइकांनीच खोटी माहिती दिली. संस्थेनं मिळालेली माहिती जशीच्या तशी पोचवली. संस्थेचा दोष नाही. डॉक्टरनं उपलब्ध नोंदीवर विश्वास ठेवला. प्रकरण बंद. मॅडम उठून म्हणाली, साहेब, आजींची पहिली तक्रार आली तेव्हा कुणी एक माणूस या वस्तीवर पाठवला असता तर ती मुलगी जिवंत असती, आणि त्या डॉक्टरनं पदर बाजूला करून पाहिलं असतं तरी जिवंत असती. साहेब म्हणाले, तुमचं मत वेगळं नोंदवा. नोंदवणार कोण, तर शिवशंकर.

मी म्हणले, मला तरी शिक्षा द्या. साहेब म्हणाले, आजी, तुमचं वय बघता समिती सहानुभूतीनं विचार करतेय. म्हणजे दोषी मी एकटीच ठरले, आणि मलाही घरी सोडलं.

एवढ्यावर भागलं नाही. शिवशंकरनं तिथंच नवा नियम वाचून दाखवला. आता बाकीचे तीनशे अकरा अर्ज परत करायचे. आमच्या घरात कुणीही दुसऱ्याचं कार्ड वापरलेलं नाही, असं घरातल्या सगळ्यांचं शपथपत्र जोडल्याशिवाय अर्ज घ्यायचाच नाही. व्हरांड्यात ओरडा झाला. लोक एकेक करून कागद गोळा करून निघाले. कड्याच्या बाईची माणसं सहा ठिकाणी फडात पांगलीत. ती म्हणाली, सगळ्यांच्या सह्या मिळेस्तोवर माझी लेक बाळंत होईल. मग माझ्याकडं बघितलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. ती नुसती बाजूला सरकून बसली.

घरी आल्यावर भिवराला सांगितलं. तिला यातलं निम्मं माहीत होतं. शपथेचं नव्हतं. ती चुलीपुढं होती, उठली नाही. म्हणाली, “मला मरू द्यायचं हुतंस.”

मी म्हणले, “तू माझी हाईस. ती सावित्रीबाईची हुती.”

तुझ्या सासूचं नाव घेऊन हे माझ्या तोंडून निघालं अजिनाथ. विचार करून नाही, आपोआप निघालं. म्हणजे ते तिथंच होतं, आधीपासून. तिचा अंगठा घेताना होतं, हात धरताना होतं. मी तिला सात वर्षं सून म्हणून मिरवली, तिच्या हातची भाकर कुणाला नावं ठेवू दिली नाही. आणि मोजायची वेळ आली तेव्हा दुसऱ्याची लेक मोजली. भिवरा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. संस्कृतीला जेवू घालते, म्हैस बघते, मला ताट वाढून निघून जाते. मी थट्टा केली तरी बोलत नाही. थट्टा करते मी अजून. दुसरं काही येत नाही मला.

संस्थेकडून येणारा निरोप राधाकिशनच्या फोनवर येतो, अर्जात तू तोच नंबर दिला होतास. काल आला. मंजुषाच्या नावानं. तपासणीला या म्हणून. ती गेल्याचं दुसऱ्या जिल्ह्याच्या कागदावर आहे, ते इकडं आलेलं नाही. ते दुरुस्त करायला अर्ज करावा लागतो.

तू परत ये म्हणत नाही. हंगाम संपून पट्टा पडला की कुठं जायचं ते तू ठरव. संस्कृतीला न्यायचं असंल तर ने, मी आडवी येणार नाही. तिला काय सांगायचं तेही तूच ठरव. एवढंच कर, तिच्या डोक्याच्या शपथेपायी तिच्या आईनं काय केलं ते तिला कधी सांगू नको. लेकरं असलं ओझं जन्मभर उचलतात.

उद्या पहाटेच्या एस.टी.नं मी घाटनांदूरला जातेय, तुझ्या सासूकडं. सावित्रीबाईला हे पत्रानं कळवता येणार नाही, तिच्या दारात उभं राहूनच सांगावं लागंल. गेल्या वर्षी ती माझ्या गळ्यात पडून रडली होती आणि मी तिची पाठ थोपटली होती. राधाकिशन म्हणतो सोबत येतो. नको म्हणलं. तिनं तोंडावर दार लावलं तर संध्याकाळपर्यंत परत येईन. आत घेतलं, पाणी दिलं, तर काय करायचं ते मला सुचत नाही.

तुला मांडीवर वाढवलेली आणि तुझा संसार मोडलेली,
बायनाबाई